मुक्या पेटीची नाडी

आगगाडी व मोटार यांचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वी दूरचा प्रवास टांग्याने अथवा घोड्यावरून करावा लागे. टपालाचा टांगा तर ठरल्या वेळी पोहोचणे अगत्याचे असे. एकच घोडा दिवसभर भरधाव पळू शकत नाही. म्हणून वाटेत ठराविक अंतरावर टप्पे असत. थकलेला घोडा टप्प्यावर सोडावयाचा, ताज्या दमाचा घोडा जुंपावयाचा आणि पुढे निघावयाचे, अशी ती रीत होती. टप्प्यावरचा मोतद्दार मोठा जाणता माणूस असे. आलेल्या घोड्याच्या अंगावरून तो हात फिरवी, त्याची छाती किती वेगाने वरखाली होते ते पाही, खूर उचलून न्याहाळी आणि मगच हा घोडा उद्या जुंपावा की दोन दिवस विश्रांतीला ठेवावा, ते ठरवी. घोडा मुका प्राणी. ‘माझा पाय दुखतो’ असे तो सांगत नाही. परंतु घाम, श्वास, कान व डोळे यांच्या भाषेत तो बोलतो आणि जाणत्याला ती भाषा कळते.

ही टप्प्याची रीत आज नव्या वेषात पुन्हा अवतरली आहे. पेट्रोल अथवा डिझेल न जाळता विजेवर धावणाऱ्या रिक्षा, दुचाक्या व मालमोटारी आता आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. या वाहनांचा घोडा म्हणजे त्यांची बॅटरी. तिच्यातील वीज सरली की दोन मार्ग उरतात. एक तर वाहन चार्जिंग केंद्रावर उभे करून बॅटरीत पुन्हा वीज भरावयाची; नाही तर बदली केंद्रावर जाऊन रिकामी बॅटरी द्यावयाची आणि भरलेली घ्यावयाची. पहिल्या मार्गाला बहुधा काही तास लागतात. दुसऱ्याला काही मिनिटे पुरतात. ही कल्पना अगदी कालची आहे, असेही नाही. अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात विजेवर चालणाऱ्या मालमोटारींना बॅटरी बदलून देण्याची सोय १९१२ च्या सुमारासच झाली होती.

आपल्या विदर्भात मे २०१७ मध्ये नागपूर येथे विजेवर चालणारी २०० वाहने रस्त्यावर आणण्याची एक मोठी योजना सुरू झाली. तेव्हा एक अडचण लवकरच ध्यानात आली. चार्जिंगची ठिकाणे थोडी आणि प्रत्येक वाहनाला लागणारा वेळ मोठा. त्यामुळे चालकांचे मोलाचे तास रांगेत उभे राहण्यात जाऊ लागले. जो रोज कमावतो तेव्हा रोज खातो, त्याला तीन तासांची रांग म्हणजे घरातील एका वेळचे जेवण होय. बॅटरी बदलण्याच्या पद्धतीकडे पुढे सरकारचे लक्ष गेले. १ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थसंकल्प मांडताना केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी या पद्धतीसाठी धोरण आखण्याची घोषणा केली.

परंतु घोडा आणि बॅटरी यांत एक मोठा भेद आहे. बॅटरीची पेटी घामाघूम होत नाही, धापा टाकीत नाही, लंगडत नाही. धडधाकट पेटी आणि आतून बिघडलेली पेटी शेजारी शेजारी ठेविल्या, तर बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. शिवाय बदली केंद्रावरची पेटी आज एकाच्या वाहनात, तर उद्या दुसऱ्याच्या वाहनात असते. काल ती कोणी खड्ड्यातून आपटत नेली, कोणी दिवसभर उन्हात उभी केली, हे आजच्या चालकाला ठाऊक नसते. मग या मुक्या पेटीची नाडी पाहावयाची कशी? आणि ती कोणी पाहावयाची? या पाठात आपणांस याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या राज्याच्या पूर्व टोकाच्या जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच निकडीचा ठरतो. पहिले कारण तेथील ऊन. उन्हाळ्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथे पारा ४७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. त्या दिवसांत दुपारी रस्त्यावरचे डांबर मऊ होते आणि तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच रानात शिरून ऊन चढण्यापूर्वी परततात. दुसरे कारण पाऊस. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. तिसरे कारण अंतर. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशांहून अधिक भाग वनाने व्यापलेला आहे. गावे लहान व विरळ. मोबाइलचे जाळे कित्येक ठिकाणी तुटक. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत् केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि तेथील वीज दूरदूरच्या शहरांना जाते. पण वादळवाऱ्यात झाड कोसळले की जवळच्याच अरण्यातील एखादे गाव रात्रभर अंधारात राहते. अशा प्रदेशात भर वाटेत बॅटरी बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. त्या वाहनात कोणी आजारी माणूस असला, तर ते जिवावरचे संकट होय.

बॅटरीची नाडी समजण्यासाठी आधी तिच्या पोटात काय असते, ते पाहू. इटलीतील शास्त्रज्ञ व्होल्टा याने १८०० साली दोन निराळ्या धातूंच्या चकत्या एकाआड एक रचून, त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेले तुकडे ठेवून विजेचा अखंड प्रवाह मिळविला. फ्रान्समधील प्लांते याने १८५९ साली शिसे व गंधकाम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी बनविली. पुष्कळ ई-रिक्षांत आजही तिचीच वंशज असते. अशा रिक्षेत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टचा विद्युत्‌दाब मिळवितात. १९९१ साली लिथियम या अतिशय हलक्या धातूवर आधारलेली बॅटरी बाजारात आली. तिचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ यांचे वय ९७ वर्षांचे होते! ही बॅटरी वजनाने हलकी आणि साठ्याने मोठी असल्यामुळे बदली केंद्रांवर बहुतेक तीच आढळते.

लिथियमच्या एका लहान घटाचा विद्युत्‌दाब सुमारे तीन ते चार व्होल्टच असतो. म्हणून अनेक घट एकापुढे एक जोडून त्यांची माळ करावी लागते. समजा, एका पेटीत असे १६ घट एका माळेत आहेत. या माळेतून वाहणारा प्रवाह सर्व घटांतून सारखाच वाहतो. बलवान घटाला अधिक आणि दुर्बळ घटाला कमी, अशी सवलत नसते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळ्यात धानाची रोवणी चालते, तेव्हा बाया एका ओळीत वाकून रोपे लावीत मागे सरकतात. सर्वांनी एका लयीत सरकावयाचे असते. ओळीतील एखादीला ताप भरलेला असला, तर इतरांच्या बरोबरीने सरकताना तीच आधी घेरी येऊन पडते. पेटीतील दुर्बळ घटाचे असेच होते. वीज वापरताना तो सर्वांआधी रिकामा होतो आणि वीज भरताना सर्वांआधी भरून जातो. तो रिकामा झाल्यावरही माळेतून वीज ओढीत राहिले, अथवा तो भरल्यावरही वीज कोंबीत राहिले, तर त्याची आतून नासाडी होते.

आता एक लहानसे गणित करू. १६ घटांपैकी १५ घटांचा दाब प्रत्येकी ३.३१ व्होल्ट आणि एका घटाचा ३.१२ व्होल्ट आहे. एकूण बेरीज ५२.७७ व्होल्ट झाली. सर्वच घट चांगले असते, तर ती ५२.९६ व्होल्ट झाली असती. दोन्ही आकड्यांतील फरक इतका थोडा, की केवळ बेरीज पाहणाऱ्याच्या तो ध्यानातही येणार नाही. परंतु प्रत्येक घटाचा आकडा वेगळा पाहणारा चटकन म्हणेल, ‘हा सोळावा भिडू मागे पडतो आहे.’ वर्गाची सरासरी उत्तम असूनही एखादा विद्यार्थी मागे राहू शकतो. चांगला शिक्षक म्हणूनच सरासरीवर समाधान मानीत नाही. यासाठी लिथियमच्या पेटीतच एक छोटे विद्युत् उपकरण बसवितात. त्याला बॅटरी व्यवस्थापन प्रणाली असे म्हणतात. ती घटागणिक दाब मोजते, प्रवाह मोजते, निरनिराळ्या जागी तापमान मोजते, घटांतील लहानसहान तफावत दूर करते आणि मर्यादा ओलांडली जाताच वाट बंद करते.

पेटीत किती वीज शिल्लक आहे, हे कसे कळते? शेतकऱ्याच्या घरी धानाची कणगी असते. झाकण लावलेल्या कणगीत किती धान्य आहे, ते बाहेरून दिसत नाही. पण किती पायल्या आत टाकल्या आणि किती काढल्या, याचा हिशेब ठेविला, तर शिल्लक सांगता येते. बॅटरीची प्रणाली असाच आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या विजेचा हिशेब ठेविते. मात्र कणगीतील थोडे धान्य उंदीर खातात, थोडे मोजताना सांडते आणि महिन्या-दोन महिन्यांनी वहीतील शिल्लक व खरी शिल्लक यांत अंतर पडते. बॅटरीच्या हिशेबातही अशीच बारीक चूक साठत जाते. म्हणून अधूनमधून पेटी पूर्ण भरून हिशेब नव्याने जुळवून घ्यावा लागतो. हे काम केंद्रावर नेमाने न झाल्यास पडद्यावर ‘वीस टक्के शिल्लक’ असे दिसत असतानाच गाडी जंगलात उभी राहते.

शिशाच्या साध्या बॅटरीत बहुधा असे उपकरण नसते. तिची नाडी माणसालाच पाहावी लागते. तिच्यातील आम्ल-पाण्याची घनता पाहण्यासाठी काचेच्या नळीत तरंगणारा मापक असतो. बॅटरी भरलेली असता ही घनता पाण्याच्या सुमारे १.२७ पट असते आणि वीज सरत जाते तशी ती उतरत जाते. आतील पाणी कमी झाले, तर शुद्ध केलेले पाणी घालावे लागते. विहिरीचे अथवा नळाचे चालत नाही. या बॅटरीत वीज भरताना हायड्रोजन नावाचा पेट घेणारा वायू निघू शकतो. यासाठी चार्जिंगची खोली हवेशीर असावी आणि तेथे विडी अथवा काडी पेटवू नये.

या साऱ्या मोजमापांत तापमानाचा मान सर्वांत वरचा आहे. लिथियमच्या बॅटरीत वीज भरताना तिचे तापमान सामान्यतः ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत. वैशाखातल्या चंद्रपुरात तर हवाच त्या मर्यादेला भिडलेली असते. दुपारभर धावून आलेली पेटी तिच्याही वर गेलेली असणार. अशा तापल्या पेटीत लगेच वीज भरणे म्हणजे उन्हातून धावत आलेल्या बैलाला तत्काळ पुन्हा नांगराला जुंपणे होय. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, हा एक तोटा झाला. दुसरा तोटा त्याहून भयंकर आहे. एखादा घट आतून बिघडून फार तापला, तर त्याच्यातील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. त्या उष्णतेने क्रिया अधिक वेगाने घडतात आणि आणखी उष्णता निघते. मग शेजारचा घट तापतो आणि त्याच्या शेजारचाही. अरण्याजवळ राहणाऱ्या मुलांना वणवा ठाऊक असतो. पाचोळ्यातली ठिणगी पायाखाली चिरडता येते. तीच अर्ध्या तासाने गावाला आवरत नाही. पेटीतील वणव्याचेही तसेच आहे. ठिणगीच्या वेळी कळले, तरच उपयोग.

हे केवळ पुस्तकातले भय नव्हे. २०२२ साली देशात अनेक ठिकाणी विजेवर चालणाऱ्या दुचाक्यांनी पेट घेतल्याच्या घटना घडल्या. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात वसई येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या दुचाकीच्या बॅटरीचा स्फोट होऊन एका लहान मुलाला प्राण गमवावे लागले. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आले. पेटीत घटांवर लक्ष ठेवणारी प्रणाली असावी, आत धोक्याची उष्णता निर्माण होताच चालकाला इशारा मिळावा, अशा गोष्टींचा त्यांत समावेश आहे. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या अशा चाचण्या करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

नियम झाले, उपकरणेही आली. तरी प्रत्यक्ष केंद्रावर काय घडते, यावर सारे अवलंबून असते. अशी कल्पना करू, की चंद्रपुरात जटपुरा दरवाजापासून काही अंतरावर एक बदली केंद्र आहे. मे महिन्यातील दुपारचे चार वाजले आहेत. भिंतीशी कपाटासारखे यंत्र असून त्याच्या कप्प्यांत पेट्या ठेवलेल्या आहेत. एक रिक्षाचालक घाईघाईने येतो. रेल्वेची वेळ झाली आहे आणि स्थानकावर प्रवासी मिळण्याची ही वेळ चुकली, तर संध्याकाळपर्यंत धंदा नाही. तो आपली पेटी कप्प्यात सरकवितो. यंत्र तिचा क्रमांक वाचते आणि आकडे दाखविते : तापमान ४९ अंश. लाल दिवा लागतो. ही पेटी निवेपर्यंत यंत्र तिच्यात वीज भरणार नाही.

भरलेली अशी एकच पेटी कपाटात उरलेली असते. पण तिच्यासमोर केंद्र सांभाळणारी तरुणी पिवळी चिठ्ठी लावून ठेविते आहे.

“ताई, ती द्या ना जी. भरलेली तर दिसते!” चालक म्हणतो.

“भरलेली आहे, काका, पण देता येणार नाही. गेल्या चार दिवसांची नोंद पाहा. हिचा एक घट रोज थोडा थोडा मागे पडतो आहे आणि तिकडची बाजू इतरांपेक्षा सात अंशांनी अधिक तापते आहे.”

“अहो, काल मीच तर चालवली ती! काही झालं नाही.”

“काल काही झालं नाही, हे खरं. पण परवापेक्षा काल आकडा वाईट होता आणि कालपेक्षा आज वाईट आहे. शेजारची पेटी पंचवीस मिनिटांत भरेल. तोवर बसा, पाणी घ्या.”

चालक चिडतो. त्याचे चिडणे अवाजवी म्हणता येत नाही. त्याच्या भाड्याचे पैसे बुडणार आहेत. तरुणीचीही अडचण लहान नाही. गिऱ्हाईक परत गेले, तर मालक तिलाच विचारणार. चिठ्ठी काढून टाकणे किती सोपे होते! वहीत सातच्या ठिकाणी दोन लिहिणे तर त्याहून सोपे. पण ती चिठ्ठी काढीत नाही आणि आकडाही बदलीत नाही. चालक निंबाच्या सावलीत बसून राहतो आणि पंचवीस मिनिटांनी चांगली पेटी घेऊन जातो. पिवळ्या चिठ्ठीची पेटी तपासणीसाठी वेगळी, मोकळ्या जागी ठेवली जाते.

त्या दिवशी चंद्रपुरात काहीही घडले नाही. वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. अशा कामाचे यश असेच असते. आग विझविणाऱ्याचे शौर्य सर्वांना दिसते. आग लागूच न देणाऱ्याची दक्षता कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

येथे कोणी विचारील, की या पेट्यांचे आकडे दूरच्या मोठ्या संगणकाकडे आपोआप पाठविता येतात ना? मग तेथील तज्ज्ञच निर्णय का घेत नाहीत? आकडे पाठविता येतात, हे खरे. आणि ते पाठविणे फार उपयोगाचेही असते. हजारो पेट्यांच्या नोंदी एकत्र आल्या, म्हणजे कोणत्या प्रकारची पेटी कोणत्या ऋतूत लवकर थकते, हे समजते. परंतु एटापल्ली अथवा भामरागडच्या रानात मोबाइलचा संपर्क तुटला, तर? आकडा पोहोचेपर्यंत ठिणगीचा वणवा झालेला असेल. म्हणून वाट बंद करण्याचा अधिकार पेटीतील उपकरणाला आणि केंद्रावरील माणसाला असला पाहिजे. नोंदी दूर जावोत, उशिरा जावोत. निर्णय मात्र जागच्या जागी व्हावा.

ही गोष्ट गडचिरोली जिल्ह्याने एका फार मोठ्या कामातून जगाला आधीच शिकविली आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम आरंभिले. त्या भागात न्यूमोनियाने पुष्कळ बालके दगावत. रुग्णालय दूर, डॉक्टर दुर्मीळ. तान्हे मूल तर घोड्याहूनही मुके. आपल्याला काय होते, ते त्याला सांगता येत नाही. पण आजारात त्याचा श्वास जलद चालतो, आणि श्वास मोजता येतो. गावातील सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने मण्यांचे एक साधे श्वासमापक बनविले. मिनिटाची वाळू घसरत असताना दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी तांबडा मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे असे समजावयाचे. पुढे गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार करण्यात आले. नवजात बाळाच्या घरी जाऊन त्या त्याचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजीत, सारे टिपून ठेवीत आणि तेथल्या तेथे उपचार करीत. या कामाने नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. त्याचा वृत्तांत १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

बालकाच्या जिवाची तुलना पेटीशी कधीच होणार नाही. तथापि दोहोंकडे एकच रीत उपयोगी पडते, हे पाहण्याजोगे आहे. जे बोलू शकत नाही, त्याच्यातील मोजता येण्याजोगे लक्षण शोधावे. ते नेमाने मोजावे. जसे दिसले तसेच लिहावे. आणि धोक्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी, म्हणजे ऐन वेळी घाई, लोभ अथवा भीड आड येत नाही. तांबड्या मण्याने सुईणीला जे बळ दिले, तेच बळ लाल दिवा केंद्रावरील तरुणीला देतो.

पेटी नीट सांभाळली, तरी तिलाही म्हातारपण येतेच. नवी असताना जी पेटी पाच युनिट वीज साठवी, ती काही वर्षांनी चारच युनिट साठवू लागते. तिचे आरोग्य ८० टक्क्यांवर आले, असे तेव्हा म्हणतात. सुमारे याच सुमारास तिला वाहनाच्या कामातून निवृत्त करतात. परंतु निवृत्त झालेला प्रत्येक जण निरुपयोगी होतो, असे थोडेच आहे! जिच्या नोंदी चांगल्या आहेत, अशी पेटी सूर्याच्या उजेडापासून मिळविलेली वीज साठवून घरात अथवा दुकानात दिवे लावण्याच्या कामी येऊ शकते. जिच्या नोंदीच नाहीत, तिच्यावर मात्र कोणी विश्वास ठेवीत नाही. अगदी थकलेली पेटीही नाल्यात अथवा रानात टाकावयाची नसते; तिच्यातील शिसे व इतर द्रव्ये माती आणि पाणी नासवितात. भारत सरकारने २०२२ साली केलेल्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी बॅटरी बनविणाऱ्यांवर आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अथवा शेजारी आता विजेवर चालणारी दुचाकी असेल. तिची नाडी पाहण्याचे काही काम तुम्हीही करू शकता. उन्हातून आलेली बॅटरी निवू द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी. झोपण्याच्या खोलीत अथवा बाहेर जाण्याच्या वाटेवर ती भरावयास ठेवू नये. रात्रभर तर मुळीच नको. तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. पुराच्या पाण्यात बुडालेली, उंचावरून पडलेली अथवा फुगलेली बॅटरी तपासून घेतल्यावाचून जोडू नये. तिच्यातून विचित्र वास, धूर अथवा फुसफुस असा आवाज येऊ लागला, तर तिला हात न लावता सर्वांनी दूर व्हावे, मोठ्यांना हाक मारावी आणि अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर कळवावे.

जुन्या टप्प्यावरचा मोतद्दार घोड्याच्या अंगावरून हात फिरवून जे जाणत असे, ते आज आकड्यांवरून नजर फिरवून जाणावयाचे आहे. साधन बदलले, पण मुक्याचे दुखणे वेळीच ओळखणारी नजर आणि ते खरेपणाने सांगणारी जीभ यांची गरज पूर्वीइतकीच कायम आहे.

अभ्यास

१. टपालाच्या टांग्याचा टप्पा आणि बॅटरीचे बदली केंद्र यांत कोणते साम्य व कोणता भेद आहे?

२. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत बॅटरीवर लक्ष ठेवणे विशेष निकडीचे का आहे? तीन कारणे लिहा.

३. सोळा घटांची केवळ बेरीज पाहिल्याने कोणती गोष्ट लपून राहते? पाठातील आकडे घेऊन स्पष्ट करा.

४. ‘नोंदी दूर जावोत, उशिरा जावोत, निर्णय मात्र जागच्या जागी व्हावा.’ असे लेखक का म्हणतो?

५. केंद्रावरील तरुणीच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? रिक्षाचालकाची बाजूही ध्यानात घेऊन दहा ओळी लिहा.

६. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : अगत्याचे असणे, घेरी येणे, भीड आड येणे, जिवावरचे संकट.

७. आपल्या वर्गातील तापमापकावर सात दिवस दुपारी ठराविक वेळी तापमान पाहून वहीत नोंद करा. एखादा दिवस चुकला, तर ती जागा रिकामी ठेवा; अंदाजाने आकडा लिहू नका.